राणीची बाग आज बंद आहे

"राणीची बाग आज बंद आहे," मी माइकवर सांगितलं आणि माइक खाली ठेवला. बस मलबार हिलवरून उतरत होती. उजवीकडे समुद्र होता. सगळे तिकडे बघत होते, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मी धुळ्याच्या एका ट्रॅव्हल्समध्ये टूर मॅनेजर आहे. 'मुंबई दर्शन' ही आमची जुनी सहल. सहलीच्या पत्रकात ठिकाणांची लांबलचक रांग असते. त्यातली काही 'उतरून', म्हणजे खाली उतरून बघायची. काही 'बाहेरून', म्हणजे ड्रायव्हर बस हळू करतो, मी बोट दाखवतो, राजाबाई टॉवर संपतो. तिसरा प्रकार पत्रकात नसतो. तो म्हणजे 'बंद'. उशीर झाला की एखादं ठिकाण गाळावं लागतं. उशीर झाला म्हटलं तर लोक भांडतात. बंद आहे म्हटलं तर हळहळतात आणि गप्प बसतात. धंद्यात आल्या आल्या हे मला शिकवलं गेलं आणि मी ते चांगलं शिकलो.

त्या खेपेला सोनगीरची मंडळी होती. उशीर त्यांच्यामुळेच झाला होता, पण रागावता येईल असा नव्हता. गेटवेला सगळ्यांना लाँचमध्ये बसायचं होतं. तांब्याची भांडी घडवण्यात आयुष्य गेलेले नाना म्युझियममध्ये जुन्या घागरींच्या कपाटापुढून हलेनात. म्हातारीच्या बुटापाशी बायकांनी फोटो काढले, ते नीट आले नाहीत म्हणून पुन्हा काढले. समुद्र दिसला की बसमध्ये अजून 'ओऽऽ' होत होतं. अशा लोकांना फिरवायला मला आवडतं. म्हणून तर खोटं बोलताना जड जातं. पण बोलत होतो.

थोड्या वेळाने सीटच्या दांड्या धरत धरत एक अक्का पुढे आल्या. सत्तरीच्या असतील. माझ्या बाजूच्या सीटवर टेकल्या.

"भाऊ, मन्ही जाऊ मांगला साले तुम्हनाच बसमा उनी व्हती. तिले बी तुम्ही हाईच सांगं, बंद शे. मंग ती बाग उघडस कव्हय?"

आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

मी विषय बदलायला म्हटलं, "जाऊबाई नाही आल्या या वेळी?"

"ती गई. थंडीमा." अक्कांनी पदर सारखा केला. "तिले टीव्हीवरना ह्या बागमधला पेंग्विन भलता आवडे. माले सांगी गई, तू जाशी तवय उघडी ऱ्हाई, देखी ये."

त्या परत जागेवर गेल्या. मी समोर बघत बसलो. जाऊबाईंचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवला नाही. अशा कितीजणांना मी बंद दारं दाखवली होती, कुणास ठाऊक. दारंही नाही, नुसती घोषणा.

ड्रायव्हर सलीमभाई माझ्याबरोबर बरीच वर्षं आहे. त्याने सगळं ऐकलं होतं. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "बाग भायखळ्याला आहे, इथून लांब नाही. पण आधी माइकवर बोला. नंतर मी गाडी वळवतो."

मी माइक उचलला. "राणीची बाग बंद नाही," म्हटलं. "आपल्याला उशीर झालाय, म्हणून मी बंद सांगितलं. मागच्या वर्षीही तसंच केलं होतं. चूक माझी आहे."

मग मागून एकजण ओरडला, "भाऊ, समुद्र तरी खरा शे ना?"

हसू फुटलं. सगळे हसले नाहीत. एका बाईंनी शेजारच्या बहिणीला आठवण करून दिली, की आधीच्या सहलीत तिलाही मी मत्स्यालय बंदच सांगितलं होतं. मी मान खाली घालून "हो" म्हटलं.

भायखळ्याला पोचलो. गेट बंद होतं.

वॉचमन म्हणाला, "बुधवार है. बुधवार को छुट्टी रहती है."

वर्षानुवर्षं कुठल्याही वारी मी ती बाग बंद सांगत आलो होतो. खरी सुट्टी कुठल्या वारी असते, ते मला माहीतच नव्हतं. तशी गरजच कधी पडली नव्हती.

आता बस पोट धरून हसली. अक्का मात्र खाली उतरल्या. गेटपाशी गेल्या, कुलूप हातात घेतलं आणि दोनदा हलवून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "हा, आज खरंच बंद शे."

इतकं वाईट मला कुणाच्या शिव्यांनीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून वाटेत वणीला देवीचं दर्शन होतं. बागेसाठी सकाळी मुंबईत थांबायचं तर ते गाळावं लागणार. रात्री जेवणाच्या पंगतीत मी हात जोडून विचारलं, थांबायचं का. कुजबुज सुरू झाली. देवी सोडायची, तीही एका पक्ष्यासाठी? अक्काच म्हणाल्या, "नको भाऊ, देवीले कसं नाही म्हणानं?"

नानांनी ताटावरची मान वर केली. "देवी आपली शे. एस्टीमा बठं का वणी. हाऊ पक्षी वणीले मिळी का?"

अक्कांनी बसल्या जागीच देवीला हात जोडले आणि थांबायचं ठरलं.

ट्रॅव्हल्सच्या मालकांना, शेठना फोन केला. ते तापले. "वणी पत्रकात छापलीय!"

"पेंग्विनही छापलाय, शेठ."

"मग बंद सांग ना! नेहमी सांगतोस तसं."

"आता नाही सांगता येणार."

"का?"

"त्यांनी कुलूप हलवून पाहिलंय."

शेठना काही कळलं नाही. फोन आपटला.

सकाळी गेट उघडताच आत शिरलो. पेंग्विनच्या काचेसमोर थंडगार निळा उजेड होता. अक्का काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. एक पेंग्विन दोन्ही हात बाजूला धरून डुलत डुलत आला आणि थबकला.

"चाल देखा हिनी," अक्का म्हणाल्या. "अशीच चाले मन्ही जाऊ."

मग पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. डोळेही पुसत होत्या. मी मागे उभा होतो. मागे वळून त्यांनी मला हाताने पुढे बोलावलं, नीट दिसावं म्हणून जागा करून दिली. इतक्या वर्षांत पेंग्विन मीही पहिल्यांदाच बघत होतो.

शेठ महिनाभर नीट बोलले नाहीत. नोकरी राहिली. ठिकाणांच्या सुट्ट्यांचे वार आता मला तोंडपाठ आहेत. आणि उशीर झाला की मी माइकवर 'उशीर झाला' एवढंच सांगतो. लोक चिडतात, तोंडाला येईल ते बोलतात. थोड्या वेळाने मागून कुणीतरी शेवेचा पुडा पुढे सरकवतं. खोटं बोलत होतो, तेव्हा भांडण वाचत होतं. पण तेव्हा शेवही नीट गिळवत नव्हती.