मामाच्या पाड्याचे केस

विज्ञानाच्या सेवेत मी एकदा गाईची लाथ खाल्ली आहे.

कुडाळच्या मामाकडे कोकण कपिला जातीचा एक पाडा आहे, बाबल्या. ही गुरं खातात थोडं आणि पावसाला भीत नाहीत. त्यांतले उत्तम वळू जनुकं तपासून निवडले की कमी गुरांत, कमी चाऱ्यात दुधाची गरज भागते, अशी योजना गावात आली होती. बाबल्या पास झाला तर वळू, नाहीतर बाजार. मामाचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव! त्याच्या शेपटीचे केस मुळासकट अंधेरीच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम शिकलेला भाचा म्हणून माझ्याकडे आलं.

गावच्या बसने पाकीट चारकोपला आलं. वर ठळक माझं नाव. सुरक्षित राहावं म्हणून मी ते देव्हाऱ्यामागे ठेवलं (इथे माझं शिक्षण संपलं). आंघोळ करून येतो तर घरभर जळका वास, आणि आई मीठमिरच्या घेऊन गॅसपुढे उभी.

"तुझ्या नावान कोणीतरी केस बांधून देवामागे ठेयल्यान," ती म्हणाली. "करणी ती. जाळून टाकलंय."

करणी नव्हे, तो तिच्या सख्ख्या भावाचा पाडा होता, हे कळल्यावर तिने मीठमिरच्या परत डब्यात टाकल्या. मामाला सांगून टाका, असं बायको म्हणाली. पण मला लाज वाटली! मी तडक देवळाबाहेर गेलो. तिथे एक बाई गाय बांधून चारा विकत बसते. शेपटी डोळ्यांना लावण्याच्या निमित्ताने मी केस उपटले. गाईला ती भक्ती पटली नाही. लंगडतच अंधेरी गाठली.

अहवाल आला आणि मामाचा फोन आला.

"माका सांग, माजो पाडो मुंबैक जावन पाडी कसो झालो?"

मी सगळं कबूल केलं. मामा रडवेल्या आवाजात म्हणाला की बाबल्याला न्यायला गिऱ्हाईक दारात उभं आहे. आईने फोन हिसकावून आधी गिऱ्हाईक हाकलायला लावलं. मग प्रयोगशाळेच्या हातापाया पडून दुसरा नमुना कबूल करून घेतला, स्वतः कुडाळला जाऊन केस आणले आणि अंधेरीपर्यंत पदराखालून काढले नाहीत.

बाबल्या झकास पास झाला. पेढे वाटताना आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता ह्याचो पण एक केस धाडा थंय. ही अक्कल खंयसून इली ता तरी कळांदे. माझ्या म्हायारची नाय."

बायकोने माझ्या डोक्याकडे शांतपणे पाहिलं.

"पण आई, ह्यांचा केस आणायचा कुठून?"