घोंगडीखालचा भाव

लोकसाहित्याच्या अभ्यासकाची वही मेंढीच्या अंगासारखी असते. आपण शोधतो ओव्या आणि चिकटतात कुसळे! गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास धनगरी ओव्यांसाठी मी तिथल्या लाटंबार्से गावी जात असे. बेळगावकडचा सातप्पा धनगर भातकापणीनंतर तिथे मेंढरे घेऊन उतरायचा. ओव्या थोड्याच मिळाल्या. परंतु त्याने जे दिले, त्याचे ऋण आजही मानतो.

*

मेंढरे शेतात बसवली की शेताला खत आणि धनगराला तांदूळ मिळे. मराठी की कोंकणी हा राजभाषेचा वाद ताजा होता. एका शेतकऱ्याने विचारलेच, “सातप्पा, तुजी भास खंयची रे?”

“गावात मराठी, बाजारात कानडी. पण तांदूळ मापताना तुमची कोंकणी बोलतो. माप शिगोशीग भरतं!”

*

लोकर विकताना मात्र ही वाणी आटायची. गिऱ्हाईक एकच: घोंगड्या विणणारे वृद्ध सणगर. सातप्पा त्यांना मामा म्हणे. कातरणी झाली की मामा बसने यायचे, मूठभर लोकर झटकायचे. “लोकर घेतो रे, लाटंबार्सेची माती नको!”

“माती फुकट दिलीया, मामा. लोकरीचं बोला!” हे सातप्पाची बायको गंगव्वा म्हणायची. सातप्पाचे ठरलेले उत्तर: “मामा म्हणतील त्यो भाव.”

त्या वर्षी घाट चढल्यावर सातप्पा-गंगव्वाच्या मुलीचे लग्न होते आणि खर्चाची भिस्त या लोकरीवर. गंगव्वा कडाडली, “मामा दिसलं की ह्येंचीच मेंढी हुती!”

*

भाव घोंगडीखाली, बोटांनी ठरे. ही रीत समजावून घ्यावी म्हणून मीही हात आत घातला. सातप्पाने गेल्या सालच्या भावाची चार बोटे माझ्या तळव्यावर टेकवली. नीट ध्यानात राहावे म्हणून मी ती घट्ट धरली.

“धरलं! मास्तरांनी धरलं!” मामा ओरडले.

बोटे धरणे म्हणजे सौदा पक्का. घोंगडीखालचा शब्द फिरत नाही. एका विद्यापीठीय जिज्ञासेपायी मी सहा पोती लोकरीचा धनी झालो!

*

“गप बसा, मास्तर. तुमची लोकर मी विकतो,” सातप्पा म्हणाला आणि मामांकडे वळला. “मामा, माल मास्तरांचा हाय. परक्या माणसाचं नुकसान करू व्हय?”

“अरे, पण एवढा भाव?”

“नगं तर रिकामी पोती घिऊन घाट चढा!”

मामांनी आयुष्यात दिला नव्हता असा भाव त्यांनी दिला.

मी विचारले, “स्वतःसाठी असे का मागत नाहीस?”

“लाज वाटती, मास्तर!”

मी सगळी रक्कम त्याच्यापुढे धरली. त्याने चार बोटांपुरतीच मोजून घेतली, उरलेली माझ्या हातात परत ठेवली. “नफा तुमचा. सौदा म्हंजे सौदा.”

मी अवघडून गंगव्वाकडे पाहिले. ती पोत्याचे तोंड आवळत शांतपणे म्हणाली, “ठेवा, मास्तर, ठेवा. फकस्त पोरीच्या लग्नाला मोकळ्या हातानं येऊ नका!”