ओलावा पुरेसा आहे

आमच्या भागात कुठलीही वस्तू नुसती येत नाही, तिचं उद्घाटन होतं. चौकात कॅमेरे बसले तेव्हा फीत कापली होती, आणि त्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं पहिलं दृश्य म्हणजे फीत कापणाऱ्यांची टकलं. व्हॉट्सॲप ग्रुपला वर्ष झालं म्हणून कापलेला केकही मी इंदापुरात पाहिला आहे. ग्रुपमधले निम्मे लोक निम्म्यांशी बोलत नव्हते, म्हणून केक दोन आणावे लागले होते.

त्यामुळे थोरल्या बंधूंच्या डाळिंबात जमिनीचा ओलावा मोजणारं यंत्र बसणार आहे असं पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "हार किती?"

"अकरा," तो म्हणाला. "एक तुमच्या हातानं घालायचाय तात्या. घरातलं शिकलेलं माणूस म्हणून."

मी बारामतीत राहतो आणि शनिवारी शेळगावला जातो. बंधूंना सगळं गाव आबा म्हणतं, मीही म्हणतो. चारशे झाडांची त्यांची बाग मुरमाड जमिनीवर आहे. पाणी कधी द्यायचं हे ठरवायची त्यांची एक पद्धत होती. सकाळी चार-पाच झाडांच्या बुडाशी बोटं खुपसायची, वीतभर खालची माती मुठीत दाबायची, आणि मूठ उघडून बघायचं. गोळा राहिला तर आज पाणी नाही. भुगा झाला तर मोटर चालू. हे करताना ते बोलत नसत, आणि कुणी विचारलं तर त्यांना ते नीट सांगताही येत नसे.

यंत्र आलं तेव्हा फळं मुठीपेक्षा मोठी झाली होती आणि रंग धरत होती. तोडणीला महिना होता. या महिन्यात डाळिंबाला पाणी बेतानं आणि नेमानं लागतं. कमी पडलं तर फळ पोसत नाही, आणि तहानलेल्या झाडाला एकदम पोटभर पाजलं तर फळ तडकतं. तडकलेलं डाळिंब व्यापारी हातातही घेत नाही. अख्खा बहार या एका महिन्यावर टांगलेला असतो.

"मग तोडणीनंतर बसवा की," मी म्हणालो.

"प्रमुख पाव्हण्यांची तारीख हीच मिळालीय," पुतण्या म्हणाला. तो तिशीचा आहे, हुशार आहे, आणि त्याच्या नावाआधी लोक हल्ली 'प्रगतशील' लावतात. ते लागल्यापासून तो शेतातही इस्त्रीचा शर्ट घालतो.

बांधावर मांडव पडला. फ्लेक्सवर सतरा चेहरे होते आणि यंत्राचा फोटो खाली कोपऱ्यात, छापखान्याच्या मोबाईल नंबराशेजारी. पाहुणे अडीच तास उशिरा आले आणि आल्या आल्या वेळेचं महत्त्व या विषयावर बोलले. यंत्र म्हणजे कमरेएवढा एक पांढरा पाइप, त्याच्या डोक्यावर वहीएवढं सोलर पॅनेल आणि खाली जमिनीत गेलेल्या दोन सळया. ते रस्त्याकडच्या पहिल्या झाडाखाली रोवलं होतं. का, तर मांडवातल्या खुर्च्यांवरून तेवढंच झाड दिसत होतं. बाकीच्या तीनशे नव्व्याण्णव झाडांच्या वतीनं ते एकटं झाड मत देणार होतं. लोकशाहीवर आमच्याकडे एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या बाबतीत दिसत नाही.

नारळ फुटला. वहिनींनी पाइपला हळदकुंकू लावलं, वर तांदूळ टाकले. मी हार घातला. तो पॅनेलवर आला तसा कंपनीच्या माणसानं हळूच खाली सरकवला. या माणसाला सगळे 'सर' म्हणत होते. फेब्रुवारीच्या उन्हात त्यानं टाय लावला होता. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "आजपासून झाड तुमच्याशी बोलणार आहे."

आबा माझ्या शेजारी बसले होते. "इतकी वर्सं गप हुतं," ते पुटपुटले, "त्यात काय बिघडलं हुतं?"

पण मग माईक त्यांच्याच हातात दिला गेला. सरांनी विचारलं, "आबा, महिनाभर यंत्राचं ऐकायचं. मध्ये हात घालायचा नाही. कबूल?" समोर दीडशे माणसं. आबांनी पोराकडं पाहिलं. तो मोबाईलवर त्यांचं शूटिंग घेत होता.

"कबूल," आबा म्हणाले. "म्हैनाभर मी हात लावणार न्हाय."

टाळ्या पडल्या. त्याच दुपारी विहिरीवरची जुनी मोटरपेटी काढून नवी बसली. ती फोनवरून चालू-बंद व्हायची, आणि तिला कुलूप होतं. चावी पुतण्याच्या खिशात.

दुसऱ्या दिवसापासून झाड बोलायला लागलं. बोलायचं ते पुण्याकडच्या एखाद्या बाईच्या आवाजात, रोज सकाळी सातला. "नमस्कार. आपल्या जमिनीत ओलावा पुरेसा आहे. आज पाणी देण्याची आवश्यकता नाही." पुतण्या ते फोनच्या स्पीकरवर ऐकवायचा. खाली हिरवी पट्टी असायची. तिचा फोटो ग्रुपवर जायचा आणि सतरा लोक त्याला अंगठा दाखवायचे.

पहिले चार दिवस कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा बाग मला मळकट वाटली. पानं कडेनं वळली होती. आबा विहिरीजवळ दगडावर बसले होते. हात मातीत घालायचा नाही म्हणून त्यांनी ते मांडीखाली घेतले होते.

"तात्या, झाडं तहानल्यात," ते म्हणाले.

"आबा, फोनवर हिरवं दिसतंय," पुतण्या म्हणाला. "डोळ्याला काय पण दिसतंय. उन्हाचं पान वळतं थोडं. डेटा हाय आपल्याकडं."

"डेटा खाऊन बघ की एकदा, गोड हाय का."

"हे बघा, मशीनजवळचं झाड बघा. त्या झाडाला काय झालंय?"

आम्ही तिघं रस्त्याकडच्या झाडापाशी गेलो. ते झाड खरोखर ताजं होतं. काळपट हिरवी पानं, टरारलेली फळं. पुतण्या त्याचा रोज एक व्हिडिओ टाकत होता. मागं अस्पष्ट दिसणारी बाकीची बाग चौकटीबाहेर राहील इतकं जवळ जाऊन.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती लपवण्यासारखी आहे. मोठेपणाला मी आयुष्यभर हसत आलो. पण पुतण्यानं फोनवर आलेख उघडून दाखवला. आडवी रेघ, उभी रेघ, खाली तारखा, मध्ये सरळ जाणारी निळी ओळ. छापलेल्या गोष्टीपुढं मान तुकवायची जुनी सवय आहे मला. मी आबांना म्हणालो, "अजून दोन-चार दिवस बघू. आकडा उगीच येत नाही." आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी चष्मा पुसायला काढला.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी पहिल्या गाडीनं गेलो आणि रस्त्यावर उतरून थेट बागेत शिरलो. साडेसहा वाजले असतील. त्या पहिल्या झाडाखाली वहिनी उभ्या होत्या. ओले केस, डोक्यावर पदर, हातात तांब्या. पाइपला ताजं कुंकू होतं, पॅनेलच्या कडेला जास्वंद खोचली होती. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि तांब्या पाइपच्या बुडाशी रिता केला. पाणी सळयांच्या कडेनं आत मुरलं. मग शेजारची कळशी उचलून अर्धी तिथंच ओतली.

"वहिनी, हे रोज करता?"

"व्हय. नारळ फोडला त्या दिसापासनं. सकाळ-संध्याकाळ."

"कशासाठी?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "झाड बोलणार म्हणले की ते सायेब. घसा कोरडा आसंल तर बोलंल कसं?" मग म्हणाल्या, "आन् देवच केलाय त्येला आपुन. तुमीच न्हाय का हार घातला, भावजी? हार घातलेल्या देवाला उपाशी ठिवत्यात व्हय?"

यात चुकीचं काय होतं ते मला सांगता येईना. मांडवात दीडशे माणसं होती. नारळ, अक्षता, हार, भाषणं, सगळं यथासांग झालं होतं. पूजा झाल्यावर त्या वस्तूचं नित्याचं काय करायचं, हे तेवढ्या लोकांत एकट्या वहिनींना माहीत होतं. बाकीचे जेवून गेले होते.

मी पुतण्याला उठवून आणलं. त्यानं ओली माती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. आईला तो काही बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. सळया उपटून त्यानं बागेच्या मध्यावर एका झाडाखाली रोवल्या. काही मिनिटांत फोनवर लाल पट्टी आली. बाईचा आवाज तोच, तेवढाच प्रसन्न. "ओलावा अत्यंत कमी आहे. त्वरित सहा तास पाणी द्या."

तोवर आबा आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सहा न्हाय," ते म्हणाले. "आज अर्धा तास. उद्या अर्धा. परवा पाऊण. तान सोसलेलं झाड हाय, हळूहळू उठवायचं. सहा तास दिलंस तर फळं फुटत्याल."

"सोमवारी पिंपळीची माणसं येणार हायेत बाग बघायला. सर येणारेत. अशी वाळलेली पानं दाखवू?"

"पानं दाखवायची का फळं?"

"आबा, आत्ता तर मशीन बरोबर सांगतंय ना? तेव्हा पाणी ओतल्यामुळं चुकलं. आता कुठं चुकतंय?"

हा मुद्दा वरवर बिनतोड होता. यंत्र बरोबरच सांगत होतं. माती कोरडी होती, सहा तासांचं पाणी तिला लागतच होतं. झाडावर काय लटकलंय, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं. पुतण्यानं बटण दाबलं, मोटर सुरू झाली, आणि तो गाडी काढून बारामतीला नवीन फ्लेक्स आणायला गेला.

अर्ध्या तासानं आबांनी त्याला फोन लावायला सांगितला. मी चार वेळा लावला, नंतरही लावत राहिलो. त्यानं उचलला नाही. पेटीला कुलूप होतं. बागेचे दोन भाग, रस्त्याकडचा आणि ओढ्याकडचा, प्रत्येकाचा वॉल्व्ह वेगळा. आबा वॉल्व्हपाशी जाऊन उभे राहिले.

"दोन्ही बंद केलं तर पाइप फुटंल," ते म्हणाले. "एक बंद केला तर दुसऱ्या बाजूला डबल जाईल."

"मग?"

"मग एक बाजू गेली म्हणायची." त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. या झाडांतलं प्रत्येक झाड त्यांनी हातानं लावलेलं होतं. मग ते खाली बसले आणि ओढ्याकडच्या भागाचा वॉल्व्ह बंद केला. दीडशे माणसांसमोर दिलेला शब्द त्या क्षणी मोडला. पाहायला मी एकटा होतो. रस्त्याकडची बाग साडेपाच तास पाणी पीत राहिली.

तो आठवडा मी शेळगावलाच राहिलो. रविवारी संध्याकाळी पहिलं फळ तडकलं. सोमवारी सकाळी रस्त्याकडच्या ओळींत पानं अशी टवटवीत झाली होती की कुणीही फोटो काढावा, आणि त्यांच्याआड फळं उभी फाटून आतले दाणे उघडे पडले होते. मधमाश्या येऊन बसल्या होत्या.

पिंपळीची वीस-पंचवीस माणसं आली. त्यांना लांबूनच पानं दाखवायचा बेत होता, पण शेतकऱ्याला बांधावर थोपवणं सोपं नसतं. ते आत शिरले आणि फाटकी फळं उलटून बघायला लागले. सरांनी टाय सैल केला. "यंत्रात दोष नाही," ते म्हणाले. "सेन्सरजवळ पाणी ओतलं गेलं. याला आम्ही मानवी हस्तक्षेप म्हणतो. घरातल्या महिलांचं प्रशिक्षण पुढच्या टप्प्यात घेणारच आहोत."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन मागं उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

"आईला कळलं न्हाय," पुतण्या म्हणाला. "तिच्यामुळं..."

"तिच्यामुळं काय?" आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिनं एका झाडाला रोज पाणी तरी घातलं. बाकीच्या झाडांना तू काय घातलंस? बारा दिवस?"

सरांनी टॅबलेट उघडला आणि काहीतरी शोधायला लागले. पिंपळीच्या एका म्हाताऱ्यानं वहिनींच्या हातातून कप घेतला, घोटभर प्याला आणि विचारलं, "आबा, तिकडची बाजू कशी राखली?"

"चला, दावतो," आबा म्हणाले, आणि सगळी माणसं त्यांच्यामागं ओढ्याकडं गेली. मागं सर आणि सतरा चेहऱ्यांचा नवा फ्लेक्स राहिला.

ग्रुपवर त्या दिवशी 'शेतकरी-शास्त्रज्ञ संवाद यशस्वी' अशी पोस्ट आली. फोटोत पानं होती.

ओढ्याकडच्या बाजूला अजून दोन आठवडे काढायचे होते. मंगळवारी पहाटे पुतण्या पेटीची चावी घेऊन आबांपुढं उभा राहिला. आबांनी ती घेतली नाही. ते ओळीत वाकले, माती दाबली आणि म्हणाले, "अर्धा तास." पुतण्यानं फोनवर अर्धा तास लावला. बाईनं साडेचार तास सांगितले होते. फोनवर चौकट आली, 'आपण शिफारस नाकारत आहात. नक्की?' त्यानं 'हो' दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी आबांनी मातीचा गोळा त्याच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "किती?"

"पाऊण?" तो म्हणाला.

"मला काय विचारतोस? दाब की मूठ."

तोडणीला मी गेलो होतो. ओढ्याकडचा माल एकही फळ न तडकता क्रेटमध्ये भरला गेला. व्यापाऱ्यानं रस्त्याकडच्या बागेकडं पाहून तोंड फिरवलं. वहिनी क्रेटपाशी बसून फळं पुसून देत होत्या. पाठ रस्त्याकडच्या बागेकडं, त्या पहिल्या झाडाकडं करून बसल्या होत्या. आबांनी एकदा त्यांना सावलीला, रस्त्याच्या बाजूला सरकायला सांगितलं. "हितंच बरी हाय," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर उन्हात बसून राहिल्या.