अनोळखी तोंडी माझ्या लेकराचं नाव

रणजित बेशुद्ध होता तेव्हा मी देवाशी बोलणं टाकलं होतं, हे आधीच सांगून टाकते. माझा मुलगा फौजेत आहे. सीमेवर त्याला काही झालं असतं तर मनाची तयारी तरी होती. फौजीच्या आईला ती ठेवावीच लागते. पण सुट्टीवर कडेगावला आलेला पोरगा डेअरीवर दूध घालून परत येताना उसाच्या ट्रॉलीवर आदळतो, याला काय म्हणायचं? देवानं सीमेवर राखलं आणि दारात आणून पाडलं, असं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्याला पुण्याला हलवलं. वाटेत शिरवळजवळ ट्रकांच्या रांगेत अॅम्ब्युलन्स अडकली, तेव्हा आमचे मालक हात जोडून देवाची नावं घेत होते. मी तोंड फिरवून बसले होते.

पुढं रोजचं तेच. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा. रणजित काही डोळे उघडेना. एका रविवारी सकाळी मालकांनी गावाकडून मागवलेला अंगारा काढला आणि म्हणाले, "तू आई हायस. तुझ्या हातानं लाव." माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "तुमच्या देवाला म्हणावं, सोता येऊन लाव." त्यांनी अंगाऱ्याची पुडी परत खिशात ठेवली. त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना, म्हणून उठले आणि दवाखान्याबाहेर पडले.

किती चालले ध्यानात नाही. कॅम्पात एक जुनं दगडी चर्च लागलं, इंग्रजांच्या काळातलं. कॅथेड्रल म्हणतात त्याला, हे नंतर कळलं. फाटक उघडं होतं, लोक आत चालले होते. मला काही आतून हाक-बिक आली नाही. पाय दुखत होते, आणि तिथं 'हात जोड' म्हणणारं ओळखीचं कुणी नव्हतं, एवढंच. मी चपला दाराशी काढल्या. बाकीचे पायताणासकट आत जाताना बघून जरा अवघडल्यासारखं झालं. शेवटच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून जागा दिली. प्रार्थना मराठीतच चालली होती, पण माझं लक्ष कुठं होतं? लोक उठले की उठायची, बसले की बसायची.

मग एक बाई माइकपाशी आल्या आणि एकेक नाव घेऊ लागल्या. त्यांत मी ऐकलं, "कडेगावचा जवान रणजित."

आमच्या गावात देवळाच्या भोंग्यावरून माणसाचं नाव पुकारलं की ऐकणारा हातातलं काम टाकतो, कारण ते नाव मयताचं असतं. माती किती वाजता, हे पुढच्याच वाक्यात येतं. म्हणजे मी रागानं निघून आले आणि मागं लेक गेला. आईला सोडून साऱ्या पुण्याला ते कळलं. असं कसं होईल, हा विचारसुद्धा मला शिवला नाही. मी उभी राहिले आणि भर प्रार्थनेत ओरडले, "गेला व्हय माझा रणजित? कवा गेला?"

सगळं चर्च वळून बघायला लागलं. माइकवरच्या बाई थबकल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "ताई, गेला नाही. आमच्यात आजारी माणसाचंही नाव घेतात, बरं वाटावं म्हणून. जिवंत आहे म्हणून तर घेतलंय."

"तो माझा पोरगा हाय. तुमास्नी कुणी सांगितलं?"

त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. पण माइकवरच्या बाईंनी रणजितचं नाव पुन्हा घेतलं, सावकाश, आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मी मटकन खाली बसले. ज्यांनी माझ्या पोराचं तोंड पाहिलं नव्हतं, ज्यांच्याशी आमचा ना नात्याचा संबंध ना धर्माचा, ती माणसं त्याच्यासाठी मागत होती. आणि मी, जन्म दिलेली, फुगून बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंनी शेवटपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

दवाखान्यात धापा टाकत आले. आयसीयूच्या सिस्टर दारातच भेटल्या. मी काही विचारायच्या आत माझ्याकडं बघून ओशाळल्या. कॅथेड्रलमधून कुणीतरी त्यांना फोन केला होता. "मीच आमच्या चर्चमध्ये नाव दिलं होतं, मावशी. तुम्ही रोज इथं बसता आणि काहीच मागत नाही. म्हटलं, तुमच्या वाटचं आपण मागून घ्यावं. रागावलात का?"

मी त्यांचे हात धरले. आत गेल्यावर रणजितच्या पायाला हात लावला आणि बऱ्याच दिवसांनी देवाशी बोलले. म्हटलं, "माझ्यानं न्हाई हुईत आता. तुझ्या ताब्यात घे."

त्या दिवशी त्यानं डोळे उघडले नाहीत. उघडले ते पुढं, सावकाश. आता काठी टेकत रानापर्यंत जातो, वेळेवर जेवण नाही मिळालं तर माझ्यावर ओरडतो, आणि मला ते गोड लागतं. कशानं बरा झाला, याचा निवाडा मी करत नाही. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, ते डोळ्यांनी पाहिलंय. एवढ्या मोठ्या शहरात मी नेमकी त्याच दारात कशी शिरले, ते मात्र मला कुणी सांगू शकलेलं नाही.

रोज दिवा लावते तेव्हा रणजितसाठी मी आता काही मागत नाही. त्याच्यासाठी कुठंतरी कुणीतरी मागत असेल, हा भरवसा मला पुरतो. मी मागते ते दुसऱ्या कुणाच्या लेकरासाठी, ज्याची आई आज देवावर रुसून बसली असेल.