वीतभर पत्रा

संगमनेरच्या पेठेतला तो पत्रेवाला बोलण्याआधी दर वेळी कानामागची पेन्सिल चाचपायचा. लढाईमुळे पत्रा मिळेनासा झाला होता, त्या वर्षी त्याने आमचं कौलारू छप्पर नव्याने शाकारलं. दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीत पत्रा बसवताना म्हणाला, "मास्तर, जोडावर वीतभर तरी चढाया पायजे. न्हाईतर पानी आत शिरतंय."

"एवढाच मिळाला," मी म्हणालो. उरलेला तुकडा मी ज्वारीच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला होता.

पावसात जोड गळला. मी भर पेठेत त्याला कामचुकार म्हणालो. त्याने पेन्सिल चाचपली, पण बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या दुकानावरचा पत्रा कापून घेऊन आला. जोड नीट केला, वरून घागरभर पाणी ओतलं आणि गळतंय का ते बघायला घरात आला. पिंपापाशी थांबला. झाकणावर वीत टेकवून पाहिली.

"आता न्हाई गळनार, मास्तर," एवढंच म्हणाला.

त्या पावसाळ्यात त्याच्या दुकानावर गोणपाट होतं. तो तुकडा नेऊन द्यावा, असं मला रोज वाटे. पण मग खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेही ज्याला ते आधीच ठाऊक होतं त्याच्यासमोर.