गुड फ्रायडेच्या पुरणपोळ्या

उपास करून देवाला वेठीला धरता येतं, असं मला खरंच वाटलं होतं. आज लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. माझे यजमान सकाळी दाढी करता करता कोसळले. डोक्यात रक्ताची गाठ निघाली आणि खामगावच्या एका दवाखान्यात ते बेशुद्ध पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही, वाट बघा. मी त्याच संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून प्रभूला सांगून टाकलं, यांनी डोळे उघडेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. मला शुगर आहे, हे त्याला ठाऊक होतंच, तरी मुद्दाम आठवण करून दिली. म्हटलं, बघू आता कसा ऐकत नाहीस.

जळगाव जामोदला आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. मी शाळेत शिक्षिका. कोणी कधी वाईट बोललं नाही, खोटं कशाला सांगू? पण आपल्यालाच उगाच चोरून राहायची सवय लागते. स्टाफरूममध्ये डबा उघडला की मी चमचा शोधत असल्यासारखी मान खाली घालायची आणि प्रार्थना उरकायची. सरकारी शाळा, सगळ्यांची मुलं, आपला धर्म आपल्या घरात, असं म्हणून मी माझ्या भित्रेपणाला छान नाव देऊन ठेवलं होतं. शेजारच्या कांताताई अंगणवाडी सेविका, घर बौद्ध. बुद्धपौर्णिमेची खीर अठरा वर्षं त्यांच्याकडून येते आणि आमचा नाताळचा केक त्यांच्याकडे जातो. खीर देताना त्या बुद्धाची एखादी गोष्ट हमखास सांगतात. केक देताना मी एवढंच म्हणायची, "गरम आहे हं, बेतानं कापा."

उपासाचा चौथा दिवस म्हणजे गुड फ्रायडे. दुपारची वेळ होती. आमची मंडळी त्या वेळी पांढरे कपडे घालून चर्चमध्ये बसलेली असणार आणि मी इथे बाकावर, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. तेवढ्यात कांताताई आल्या. एसटीनं, उन्हातान्हात, हातात मोठा डबा.

"मॅडम, आज तुमचा सन हाये न? शाळेले सुट्टी हाये. म्हटलं तुमी इथं अडकल्या, तुमच्यासाठी सनाचं कोन करन? सकाळीच पुरन घातलं."

डबाभर पुरणपोळ्या, वर तूप. मला इतका राग आला की विचारू नका. आजच्या दिवशी पुरणपोळी! मी तुटकपणे म्हणाले, "कांताताई, आज सण नसतो. आज आमच्या प्रभूला क्रुसावर मारलं. आज आम्ही गोड खात नाही."

"अवं माय!" त्यांचा हात तोंडावर गेला. "मले काय माहीत? तुमी कधी सांगतलंच नाई."

माझा राग जागच्या जागी विरला. खरंच की! अठरा वर्षांत मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि त्या माझ्याजवळ बसल्या. "मंग सांगा न आता. काय झालतं त्या दिवशी?"

मी सांगितलं. उपदेश म्हणून नाही, घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं. मित्र कसे पळाले, काट्यांचा मुकुट कसा घातला, खिळे कसे ठोकले, आणि खाली त्याची आई कशी उभी होती. येणारेजाणारे ऐकत होते, पण पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. कांताताई पदरानं डोळे पुसत होत्या.

"त्याची माय सारं पाहून राह्यली होती?"

"हो."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिले कोनी दोन घास भरवले असतीन का नाई? का तशीच उपाशी राहू देली?"

लहानपणापासून मी गुड फ्रायडेची किती प्रवचनं ऐकली, पण हे कोणी विचारलं नव्हतं. मला रडू आवरेना. रडता रडता मी त्यांना माझी अट सांगून टाकली. मग काय विचारता, चांगल्याच भडकल्या! "शुगर हाये न तुमले? तुमी पडल्या तर सरांले कोन पाह्यन? बायकोले उपाशी ठेवून नवऱ्याले उठवनारा, असा हाये का तुमचा देव?"

नाही, असा नाही. मी हात जोडले, डोळे मिटले आणि तिथेच मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, हे तुझे आहेत. ठेव नाहीतर घेऊन जा. मी माझी अट मागे घेते." आमेन म्हणून डोळे उघडले, तर कांताताईंचेही हात जोडलेले होते. मग मी दीड पुरणपोळी खाल्ली आणि बाकावरच गाढ झोपले.

यजमानांनी डोळे उघडले ते सोमवारी, नर्स त्यांचं अंग पुसत असताना. शुक्रवारी नाही आणि पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारीही नाही. त्यामुळे चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाचा अनुभव सगळ्यांपुढे सांगताना, मला माझी प्रार्थना आणि त्यांचं शुद्धीवर येणं या दोन गोष्टी जोडून सांगता येत नाहीत, आणि मी जोडतही नाही. त्यांचा उजवा हात अजून जड आहे, बोलणं अडखळतं, पण घरी आहेत. ते नसते आले, तरीही त्या दुपारबद्दल मी प्रभूचे आभारच मानले असते, असं मला वाटतं. मी त्याच्यापुढे अट घेऊन बसले होते. त्यानं माझ्यापुढे ताट वाढलं.