मधल्या गुच्छातली आठ फुलं

सेव्हलिएवो गावात मेतोदी मास्तर समोरून आले की लोक रस्ता ओलांडत. माणूस लाखात एक, पण गणित शिकवून निवृत्त झालेला. पावाच्या रांगेतही पुढच्याच्या खांद्यावर टिचकी मारून विचारायचे, "लागोपाठचे तीन आकडे, बेरीज सत्तावीस. कोणते?" तो बिचारा गोंधळला की हे खुशीत, "अहो, तीननं भागा! मधला सापडला की शेजारी आपोआप येतात. आठ, नऊ, दहा!"

न पळणाऱ्या एकच, विधवा झ्लात्काबाई. त्या उत्तर द्यायच्या, वर "एवढंच?" म्हणून चिडवायच्या. म्हणून तर त्यांच्या वाढदिवशी लग्नाचं विचारायचं असं मास्तरांनी पक्कं केलं होतं. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन बाई नुकत्याच घरी आल्या होत्या. आता आणखी किती थांबायचं?

विचारायचं तेही कोडं घालूनच. आपल्या बागेतले ट्युलिप कापून त्यांनी तीन गुच्छ बांधले. बाजारात गेले असते तर फुलवालीनंच मोजताना हात धरला असता.

"लागोपाठचे तीन आकडे, बेरीज चोवीस," वाढदिवशी गुच्छ पाठीमागे धरून ते झ्लात्काबाईंच्या दारातच म्हणाले. "मधल्या गुच्छात फुलं किती? बरोबर सांगितलंत तर एक गोष्ट विचारीन."

"आठ," झ्लात्काबाई झटकन म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

भट्टीतून काढलेल्या, चीज भरलेल्या बनित्साचं ताट घेऊन आलेल्या त्यांच्या बहिणीनं, पेन्कानं, छातीवर क्रूसाची खूण केली. "आठ? अहो मास्तर, सम फुलं थडग्यावर ठेवतात! ती इस्पितळातून चालत घरी आलीय, आणि तुम्ही पुरायलाच निघालात? वर बेरीजही चोवीस! मधला गुच्छ धरा की सगळे एकत्र, मयतच!"

मास्तरांची कानशिलं तापली. गावातलं शेंबडं पोरही फुलं मोजून नेतं. आणि ज्यांचा जन्म मोजण्यात गेला, त्यांनी हे करावं!

"लागोपाठच्या आकड्यांत एक तरी सम येतोच," ते पुटपुटले. आयुष्यभर फळ्यावर ठणकावून सांगितलेली गोष्ट आज कबुलीजबाबासारखी बाहेर पडली.

"मग लागोपाठ आणलीत कशाला?" पेन्का म्हणाली.

झ्लात्काबाईंनी मधल्या गुच्छातलं एक फूल काढून त्यांच्या हाती दिलं. "झाली सात. बसा आता. काय विचारणार होतात?"

"काही नाही. बनित्सा गरम आहे का, एवढंच."

"होती," पेन्का म्हणाली.

मास्तर खाली मान घालून जेवले. फूल मुठीत घामेजून गेलं. निघताना झ्लात्काबाई दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रविवारी या. रिकाम्या हातानं. आणि सरळ विचारा हो, गणित न घालता. उत्तर येतं मला."

मास्तर "बरं" म्हणाले, पण त्यांच्याकडे बघायची काही हिंमत झाली नाही.